ढिगारा मोजायला सिव्हिल इंजिनिअर कशाला?

ताई,

तुमची मुलगी टेक्सासमध्ये सिव्हिलमध्ये एमएस करतेय आणि चक्रीवादळानंतरच्या ढिगाऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी मिळतेय. ‘कर्ज काढून पाठवलं ते कचरा मोजायला का?’ असं तुम्ही विचारलंय. कर्जाची काळजी मला कळते, पण या कामाला कचरा म्हणू नका.

तिकडे राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली की ढिगारा उचलण्याच्या पात्र खर्चाचा किमान 75 टक्के भाग फेमा ही केंद्रीय संस्था सोसते. पण पैसे कागद बघून मिळतात. ट्रकचा हौदा आधी मोजून घेतात आणि मग प्रत्येक खेपेची चिठ्ठी फाडतात: माल कुठून उचलला, कसला, किती भरला. 60 घनयार्डांचा हौदा 80 टक्के भरला असेल तर नोंद 48 ची. कुणी डोळे झाकून 60 लिहिले आणि ते तपासणीत सापडलं, तर फरक गावाच्या तिजोरीतून जातो. वादळाने आधीच मोडलेल्या गावाच्या!

अंदाजपत्रक त्याही आधी लागतं. 40 फूट लांब, 30 रुंद, 20 उंच घर कोसळलं तर 24,000 घनफूट. घर आतून पोकळ, म्हणून 0.33 ने गुणायचं, 7,920 येतात. 27 ने भागले की सुमारे 293 घनयार्ड, आपल्याकडचे 79 ब्रास. तुमचे यजमान बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत ना? त्यांना विचारा, एमबीतल्या, म्हणजे मोजमाप वहीतल्या, नोंदीशिवाय बिल निघायचं का? हे तेच काम आहे.

एक धोका मात्र खरा आहे. मचाणावर उभं राहून ट्रकमध्ये डोकावणारा ‘मॉनिटर’ व्हायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही आणि ओपीटीवरचं, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या परवानगीवरचं, काम शिक्षणाशी संबंधितच असावं लागतं. शिवाय अटलांटिकचा वादळी हंगाम जून ते नोव्हेंबर. त्यानंतर कंपनी तिला काय काम देणार? आणि ओपीटीच्या 12 महिन्यांनंतर स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांच्या पदवीधरांना मिळणारी) 24 महिन्यांची मुदतवाढ हवी असेल, तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांची काम करण्याची परवानगी तपासणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, आहे का? हे दोन प्रश्न तिने लेखी विचारावेत.

अंदाजपत्रक आणि परताव्याची कागदपत्रं हे पदाच्या वर्णनात असेल तर तिने बिनधास्त रुजू व्हावं. नुसतं ‘मॉनिटर’ असेल तर सही करण्याआधी मला कळवा.