तिकिटाचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवा

हौशी मंडळी आहात, अंध मुलांच्या वसतिगृहासाठी दोन अंकी नाटक करायचंय आणि तिकीट किती ठेवू, असं विचारलंत. मी म्हणेन, आधी खर्चाचं बघा.

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाचं भाडं आणि अनामत, नेपथ्याचा टेम्पो, लाइट, साउंड, रंगभूषा, लेखकाचं मानधन. यातला एक रुपयाही तिकिटातून काढू नका. त्यासाठी स्मरणिका छापा. चादर-टॉवेलचे कारखानदार, सराफ, डॉक्टर अर्ध्या पानाची जाहिरात देतात. शहराच्या पूर्व भागात तेलुगू भाषक बरेच, तिकडं जाताना तेलुगू बोलणारा एक जण सोबत असू द्या, काम निम्म्या वेळात होतं.

आम्ही पहिल्यांदा उलटं केलं. हॉल भरला, टाळ्या पडल्या, आणि खर्च वजा जाता वृद्धाश्रमाच्या हातावर साडेतीन हजार ठेवले. तिथल्या बाई हसून 'छान झालं नाटक' म्हणाल्या, तेव्हा कुठं तोंड लपवू असं झालं. वर तिकीटबुकं नेलेले आमचेच कलाकार! 'देतो की ओ, कुठं पळून चाललोय?' म्हणत गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा, येऊन गेला तरी पैसे नाहीत. आता प्रत्येक बुकाला नंबर, नेणाऱ्याची सही, आणि प्रयोगाच्या चार दिवस आधी हिशेब. न खपलेली तिकिटं परत घ्यायची, त्यात कुणाची लाज काढायची नाही.

पैसे तुमच्या खात्यात नकोच. वसतिगृह नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर पावती त्यांची, खातं त्यांचं. नोंदणी नसलेल्या ग्रुपनं स्वतःच्या नावानं वर्गणी काढायची तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. ८०-जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीबद्दल हमखास विचारतील. ती सवलत देणगीला, तिकिटाला नाही. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर तीही नाही. संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आणि लेखकाची लेखी परवानगी आधीच घ्या, शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

तारीख जानेवारीच्या मध्यावर नको, अख्खं गाव गड्ड्यासाठी होम मैदानावर असतं. मे महिन्यात तर उन्हानं तालमीलाच कुणी येत नाही.

धनादेश मात्र मध्यंतरात द्या. पडदा पडला की सगळे पार्किंगकडे पळतात, आणि ज्यांच्यासाठी केलं ती मुलं रिकाम्या खुर्च्यांसमोर उभी राहतात.