घराचं काम आणि कंत्राटदार: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (डोंबिवली): आमच्या टू बीएचके फ्लॅटचं काम 4 लाखांना अंगावर दिलं आहे. टाइल्स, नळ, कमोड आमचे. मजुरी, सिमेंट, वाळू, पाइप कंत्राटदाराचे. सुरुवातीलाच त्यांनी 2 लाख उचल घेतली. दोन्ही बाथरूम तोडून झाली आणि आता आठ दिवस कोणी फिरकलेलं नाही. भांडावं की दुसरा माणूस बघावा?

उत्तर: आत्ता दोन्हीही नको. तोडफोड झपाट्याने होते आणि घरभर राडारोडा पडला की बरंच काम झाल्यासारखं वाटतं. अशा कामात तिचा खर्च मात्र थोडाच असतो. म्हणजे तुमचे बरेचसे पैसे कामाच्या पुढे धावले आहेत. अशी मोठी उचल पुष्कळदा आधीच्या साइटची मजुरी किंवा दुकानदाराची उधारी भागवण्यात जाते. मग आठवड्याचा पगार वाटायला पैसे उरत नाहीत, गवंडी दुसऱ्या साइटवर जातो आणि कंत्राटदार फोन टाळतो. नवा माणूस आणलात, तर तो तुटलेल्या बाथरूमची जबाबदारी घ्यायला कचरेल आणि दिलेले पैसेही अडकतील.

त्यांना घरी बोलवा. झालेलं काम दोघांनी मिळून लिहून काढा आणि उरलेल्या 2 लाखांचे टप्पे ठरवा. पाइपांचे पैसे त्यांच्याकडे आधीच असल्यामुळे प्लंबिंगची लाइन टाकून पंपाने प्रेशर टेस्ट झाल्यावर फक्त 20,000. वॉटरप्रूफिंग करून, पाणी भरून तपासल्यावर 45,000. टाइल्स आणि ग्राउटिंगनंतर (टाइल्समधल्या फटी भरल्यावर) 75,000, फिटिंग बसल्यावर 40,000 आणि वापर सुरू होऊन महिना झाल्यावर शेवटचे 20,000. कागदावर दोघांच्या सह्या हव्यात. ज्या दिवशी टप्पा तपासून होईल, त्याच संध्याकाळी पैसे द्या. वेळेवर पैसे देणाऱ्या घरी कंत्राटदार चांगला कारागीर आधी पाठवतो. इतकं साधं गणित आहे, आणि तरीही बहुतेक घरमालक नेमकं हेच चुकतात.

तुमच्याकडूनही काम अडू शकतं. भिंतीत पाइप गाडण्याआधी डायव्हर्टरची (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या जोडणीची) भिंतीत बसणारी बॉडी साइटवर लागते, कारण टाइल लागल्यावर भिंत किती पुढे येणार त्यावर तिची खोली ठरते. कमोडचंही तसंच. एस-ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीत आउटलेट असलेल्या कमोडमध्ये भिंतीपासून आउटलेटचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं. मॉडेल ठरलेलं नसेल तर प्लंबर अंदाजाने पाइप काढतो, मग पुन्हा तोडावं लागतं, आणि त्या एक्स्ट्रा कामावरून हमखास भांडण होतं.

गवंड्याला किंवा प्लंबरला परस्पर पैसे देऊ नका. हिशेब दोन तोंडांनी सुरू झाला की कामाचा जाब विचारायला कोणीच उरत नाही. पुढच्या वेळी उचल 10 टक्क्यांच्या वर नको.

प्रश्न (नाशिक): प्लास्टरच्या बिलात दारं-खिडक्यांची जागाही मोजली आहे. हे बरोबर आहे का? शिवाय टाइल्स कमी पडल्या, तर दोष कोणाचा?

उत्तर: भारतीय मानक आयएस 1200 प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या (साधारण 5.4 चौ. फूट) उघाड्याची (दार-खिडकीसारख्या मोकळ्या जागेची) वजावट होत नाही. त्याहून मोठ्या, पण 3 चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्याची, भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखंच प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची वजावट होते. 3 बाय 7 फुटांचं दार 21 चौ. फुटांचं, म्हणजे एका बाजूचे 21 फूट वजा करा. दुसरी बाजू सोडतात, कारण दाराच्या कडा करायला कारागिराचा वेळ जातो आणि त्या वेगळ्या मोजल्या जात नाहीत. कंत्राटदाराने दोन्ही बाजू लावल्या असतील तर हा नियम दाखवा; तुम्ही दोन्ही कापत असाल तर तेही चूक आहे.

टाइल्सचं म्हणाल तर 600 मिमीच्या चार टाइल्सचा बॉक्स 16 चौ. फूट म्हणून विकला जातो, पण भरतो साडेपंधरा. 10 बाय 12 च्या खोलीला 10 टक्के तुटफूट धरून 132 चौ. फूट, म्हणजे 9 बॉक्स लागतात. नंतर आणलेल्या बॉक्सचा शेड नंबर (रंगछटेचा नंबर) वेगळा निघू शकतो, म्हणून मोजणी कंत्राटदाराकडून लिहून घ्या आणि सगळे बॉक्स एकाच नंबरचे घ्या.

प्रश्न (पनवेल): कंत्राटदार म्हणतात, बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलं तर दोन दिवस फुकट जातात. तपासणी वगळली तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. टाइल्स लागल्यावर गळती सुरू झाली, तर पाणी न्हाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या निचऱ्याच्या जाळीखालच्या भागाच्या) कडेने जातंय की भिंतीच्या कोपऱ्यातून, हे कळणं फार कठीण असतं. मग सगळंच उखडावं लागतं. वॉटरप्रूफिंगच्या कोटिंगआधी ट्रॅपभोवतीची फट नॉन-श्रिंक (न आकसणाऱ्या) ग्राउटने भरलेली आणि जमीन-भिंतीच्या सांध्यात सिमेंटचा गोलसर वाटा (भराव) काढलेला आहे ना, ते बघा. कोटिंगचे दोन हात एकमेकांना आडवे हवेत. भिंतीवर निदान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. ते वाळलं की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि 48 तास ठेवा. थोडं पाणी उडून जातं. पण पातळी झपाट्याने उतरली किंवा खालच्या घराच्या छताला ओल दिसली, तर पुढचं काम थांबवा. कोबा (टाइल्सखालचा सिमेंटचा थर) झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करा.

कंत्राटदारांची अडचणही खरी आहे: माणसं बसून राहिली तरी त्यांना मजुरी द्यावी लागते. म्हणून तपासणीचे हे दोन दिवस वेळापत्रकात आधीच धरा आणि तेव्हा किचनच्या टाइल्सचं काम त्यांच्या हाती द्या.