जलाधारित रंगाचा फवारा आणि हवेतील ओलावा

प्रश्न : मी लाकडी दरवाज्यांना स्प्रे गनने जलाधारित रंग देतो. एकाच डब्यातील रंग कोरड्या, तापलेल्या दुपारी हाताला खरखरीत लागतो. दमट दिवशी मात्र त्याचे ओघळ येतात आणि दुसऱ्या दिवशीही पृष्ठभाग चिकट राहतो. दोष रंगाचा की गनचा?

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून फरक हवेचा दिसतो. सॉल्व्हेंटच्या रंगात हवामान पाहून जलद किंवा मंद थिनर निवडता येतो. जलाधारित रंगातून उडून जायचे असते ते मुख्यतः पाणी, आणि त्याचा वेग तापमान, आर्द्रता व वारा हेच ठरवतात. साधारण 18 ते 25 अंश सेल्सिअस आणि 40 ते 60 टक्के आर्द्रता या कामाला मानवते.

कोरड्या उष्ण हवेत नोझल ते दरवाजा या वीतभर अंतरातच बारीक थेंबांतील पाणी कमी होते, त्यामुळे ते पृष्ठभागावर पसरून एकमेकांत मिसळत नाहीत. वाळल्यावर तळहाताला भुकटी लागली, तर हेच घडले असे समजा. अशा वेळी दरवाजा सावलीत निववून घ्यावा, गन किंचित जवळ धरावी आणि उत्पादकाने सुचवलेला रिटार्डर (वाळणे मंदावणारे द्रव्य) वापरावा. नुसते पाणी वाढवत गेल्यास रंगाची झाकणशक्ती घटते.

दमट हवेचे दुखणे अधिक खोल असते. हवाच पाण्याने भरलेली असली की रंगातील पाणी थरातच अडकते, आणि त्यावर घाईने दुसरा कोट चढवल्यास आतील थर दीर्घकाळ मऊ राहतो. त्यात थंडीची भर पडली, तर रेझिनचे (रंगाचा थर बांधणाऱ्या घटकाचे) कण मऊ होऊन एकजीव होत नाहीत व थराला भेगा पडतात. म्हणूनच बरेच उत्पादक 10 अंशांखाली काम करू नये असे बजावतात. दरवाजाचे तापमानही मोजावे, कारण ते दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा) किमान 3 अंशांनी जास्त हवे. हवा 25 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असताना दवबिंदू सुमारे 21 अंश असतो, म्हणजे रात्रभर गार पडलेला दरवाजा सहज ओला असू शकतो.

20 अंशांची 80 टक्के आर्द्रतेची बंद खोली 25 अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता सुमारे 60 टक्क्यांवर येते. त्यासाठी धुरांडे नसलेला गॅसचा हीटर मात्र कृपया वापरू नका, कारण ज्वलनातून पाण्याची वाफच खोलीत येते. फवारणीनंतर मंद, धूळविरहित वारा खेळता ठेवा. दुसऱ्या कोटापूर्वी, न दिसणाऱ्या कडेला हाताची मागची बाजू हलकेच टेकवा. आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा ती कड गार लागली, तर पाणी अजून उडत आहे, तेव्हा थांबा.