आधी तिवराचं पान दाखव

ठाणे

प्रिय,

तुझी पोस्ट वाचली. तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडाच्या, पानांवरल्या मिठाबद्दलच्या तुझ्या शोधनिबंधाचं शीर्षक, खाली आलेख, बस्स. ऐरोलीच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभं राहून तू ते आकडे मिळवलेस, त्याबद्दल मात्र एक ओळही नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

पुढच्या ओहोटीला तिवराचं एक पान मोबाइलसमोर धर. त्यावरचे मिठाचे कण जवळून दिसू देत. मग सांग, की हे झाड खाऱ्या चिखलात जगतं, बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं आणि उरलेलं पानांतल्या ग्रंथींमधून बाहेर टाकतं. त्यापुढे तू ते मीठ मोजतेस कसं, तेही दाखव. पान धुताना तुझे हात दिसले की आलेखावर विश्वास बसतो. किती झाडं, कोणता महिना, हेही लिही. दहा झाडांवरून अख्ख्या खाडीबद्दल बोलू नकोस. अप्रकाशित आकडे टाकण्याआधी तुझ्या गाइडना आणि सहलेखकांना विचार.

आणि मराठीत लिही. दिवाळे गावचा एखादा कोळीदादा खाली तुझी चूक काढेल. त्याचं ऐक, निवटी, म्हणजे चिखलात राहणारा मासा, कुठल्या बिळात शिरते हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तो बरोबर असेल तर पोस्ट पुसू नकोस, तिथेच दुरुस्ती लिही.

रोहित पक्षी आले की सगळी नवी मुंबई खाडीकडे पाहते. तेव्हा लिही. पिल्लं राखाडी असतात, गुलाबी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे चढतो, आणि लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) या जातीचं ते खाणं म्हणजे मुख्यतः सूक्ष्म शैवाल. २०१५ साली इथे रोहित अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, हे त्या चिखलाशी जोडून सांग.

एक गोष्ट मात्र कधीच करू नकोस. येऊरच्या जंगलातल्या एका घुबडाच्या घरट्याचा फोटो मी जागेच्या नावासकट टाकला होता. पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांची गर्दी झाली, नीट फोटो यावा म्हणून कुणीतरी फांद्याही तोडल्या. ती जोडी नंतर तिथे दिसली नाही. घरट्याची जागा कधीच सांगायची नाही, फोनमधलं लोकेशनही बंद ठेवायचं.

व्हिडिओ झाला की मला पाठवू नकोस, आधी आईला दाखव. ती जिथे थांबवून "म्हणजे काय गं?" विचारेल, तेवढा भाग पुन्हा बोल.

तुझा,
सर