क्ले शूटिंगसाठी सेमी-ऑटो शॉटगनला काडतुसं कुठली, चोक कुठला?

नवी बाराबोअर सेमी-ऑटो घेतलीय, क्लेवर, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवर चालवायचीय, तर काडतुसं कुठली आणि चोक (नळीच्या तोंडाशी बसतो, छर्रे किती पसरतील ते ठरवतो) फुल्ल, म्हणजे एकदम आवळ, लावू का, असं तुम्ही विचारलंय. फुल्ल लावू नका. हेच मी माझ्या मामाला बारा वर्षं सांगतोय.

मामाकडे कुडाळजवळ शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची दुनळी आहे, एक नळी हाफ, एक फुल्ल. भातात डुकरं शिरली की बार काढतो, बहुतेकदा हवेतच. पण तत्त्वज्ञान ठाम: नळी जेवढी आवळ, तेवढा मार पक्का. ह्यूस्टनला आल्यावर मी पहिली सेमी-ऑटो घेतली तेव्हा डोक्यात तेच. फुल्ल चोक पिळून बसवला आणि दुकानातली सगळ्यात स्वस्त, 24 ग्रॅम छर्ऱ्यांची काडतुसं उचलली.

स्पोर्टिंग क्लेजचा, म्हणजे जागा बदलत तबकड्या मारायच्या खेळाचा, पहिला थांबा. पहिला बार काढला, तबकडी आपल्या वाटेने निघून गेली. दुसरा निघालाच नाही. रिकामं काडतूस खिडकीत धुराड्यासारखं उभं अडकलेलं. दिवसभरात ते नऊ वेळा झालं, आणि पन्नासात अकरा फुटल्या. बंदूक इनर्शियाची, म्हणजे रिकामं काडतूस काढून नवं भरणारा बोल्ट बाराच्या धक्क्यावरच मागे येणार. हलक्या काडतुसाचा धक्का पुरेना, त्यात दस्ता मी खांद्याला नीट टेकवलेला नव्हता. मागच्या म्हाताऱ्या टेक्सनने काही न बोलता 32 ग्रॅमचं पाकीट पुढे केलं. अडणं बंद. (ऑलिंपिकवाले 24 ग्रॅमच वापरतात हे मला माहीत आहे. त्यांच्या बंदुका दुनळी असतात, त्यांना बोल्ट मागे न्यायचा नसतो.) गॅसवाल्या (बाराच्या गॅसने बोल्ट ढकलणाऱ्या) बंदुका हलकं काडतूस जास्त पचवतात, पण साफसफाई मागतात. छर्ऱ्याचा आकार साडेसात किंवा आठ नंबर. त्यात फार डोकं घालू नका.

मग मी हट्टाने 20 यार्डांवर कागद लावून फुल्ल आणि सैलसर इम्प्रूव्हड सिलिंडर, असे दोन्ही चोक तपासले. फुल्लचे छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत, इम्प्रूव्हड सिलिंडरचे सुपाएवढ्या. तबकडी सव्वाचार इंचांची, तीही पळती. ताटाने झेलायची की सुपाने? फोटो मामाला पाठवला. उत्तर आलं, "कागद काय धावता?"

मामाचं अगदीच खोटं नाही. 40 यार्डांवर 30 इंचांच्या वर्तुळात फुल्लचे साधारण 70 टक्के छर्रे बसतात, इम्प्रूव्हड सिलिंडरचे 50. पण स्पोर्टिंगच्या बहुतेक तबकड्या त्याच्या बऱ्याच अलीकडे फुटायला हव्यात, आणि ज्याला 25 यार्डांवरची फुटत नाही त्याने 40ची चिंता कशाला करायची? मामालाही कधी 40 यार्डांवर डुक्कर दिसलेलं नाही, त्याला दिसतो तो काळोख.

हो, ट्रॅप खेळणार असाल तर हे सगळं बदलतं. तिथे तबकडी तुमच्यापासून लांबच पळते, मॉडिफाइड (या दोन्हींच्या मधला चोक) लावा, हात बसला की फुल्लही. म्हणजे तुमचं बरोबरही असू शकतं. खेळ कुठला ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

स्टीलचे छर्रे वापरणार असाल तर चोकवर तशी परवानगी कोरलेली आहे का बघा, फुल्लमधून बहुतेकदा चालत नाहीत. काडतुसाची लांबी नळीवरच्या शिक्क्याशी जुळवा. आणि चोक बार काढता काढता सैल होतो. दर पाकिटाला, बंदूक रिकामी करून, एकदा पिळून बघत जा.