अनोळखी रोझवूडची पारख

गिटार बनवायला नवं रोझवूड हाती आलं की आधी रंगावर भाळू नकोस. पहिला प्रश्न जातीचा. ‘रोझवूड’ हे व्यापारी नाव कशालाही चिकटतं. पाउ फेरो बोलिव्हियन रोझवूड म्हणून विकलं जातं, पण ते डाल्बर्जिया या खऱ्या रोझवूडच्या वंशातलं नाही. लाकूड चांगलंच असतं ते, फक्त रोझवूडचा भाव त्याला देऊ नये. म्हणून विक्रेत्याकडून शास्त्रीय नाव लेखी घे.

मग फळी कडेच्या साधारण चौथाई अंतरावर दोन बोटांत सैल धर आणि मधोमध टिचकी मार. नाद लांबला पाहिजे. ‘थप’ असा मेलेला आवाज आला तर लाकूड ओलं असेल, कुठे तडा असेल किंवा त्याचा गुणच तसा असेल. वाळल्यावर पुन्हा ऐक. टोकाकडून रेषा बघ: उभ्या, सरळ असतील तर फळी कमी वाकते. नागमोडी नक्षी देखणी दिसते, पण बाजू वाकवताना तीच तडकते. ड्रेडनॉट या मोठ्या आकाराच्या गिटारसाठी पाठीच्या दोन फळ्यांपैकी प्रत्येक २० सेंटीमीटरहून थोडी रुंद हवी.

कोकोबोलो जातीचं रोझवूड तेलकट असतं, गोंद लावण्याच्या ऐन आधी ॲसिटोनने पूस. त्याच्या भुशाने अनेकांना ॲलर्जी होते, मास्क लाव.

किंमत ठरवताना त्याच प्रतीच्या भारतीय रोझवूडच्या जोडीशी तुलना कर. जास्तीचे पैसे दुर्मिळतेचे आहेत की नादाचे, हे स्वतःला विचार. ब्राझिलियन असेल तर कागदपत्रांशिवाय हात लावू नकोस. १९९२ पासून ते साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात आहे.