गिऱ्हाईक गेलं कुठं?

या वेळेस विषय एकच ठेवलाय, कोरोनानंतर बदललेला धंदा आणि बदललेली खरेदी. पत्रं आणि मेल मिळून ढीग झालाय, सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, पाच निवडलीत. दोघांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलं, मग म्हटलं कुणाचंच नको.

प्रश्न : लालबागला आमचं किराणा दुकान आहे, आजोबांपासूनचं. लॉकडाऊनमध्ये लोक तासतासभर रांगेत उभे राहायचे, तुम्ही होतात म्हणून निभावलं असं तोंडावर म्हणायचे. आता तीच माणसं दुकानावरून जाताना मान हलवतात आणि त्यांच्या घरी ॲपवाला पोरगा पिशवी देऊन जातो. आमचं चुकलं कुठं?

काका, त्या रांगेत प्रेम होतं तसा नाइलाजही होता, हे आधी मान्य करूया. 25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला तेव्हा मोठमोठ्या ऑनलाईन कंपन्यांचा माल गोडाऊनमध्ये अडकला, डिलिव्हरीची पोरं पोलिसांच्या काठीला घाबरून घरी बसली, मॉल बंद, मग उघडं कोण तर बिल्डिंगखालचा वाणी. तुम्ही व्हॉट्सॲपवर यादी घेत होतात, पोऱ्या गेटवर पिशवी ठेवून येत होता. पण तुमच्याकडं तरी सगळा माल कुठं होता, सेल्समन यायचे बंद, कारखान्यात कामगार नाहीत, मे महिन्यात तर वाशीचं एपीएमसी, म्हणजे घाऊक मालाचं मार्केटच 11 ते 17 तारखेपर्यंत बंद ठेवलं होतं. मग गिऱ्हाईक काय म्हणायचं, अमुक आटा नाही का, बरं जो आहे तो द्या. वर्षानुवर्षं एकच साबण, एकच चहा पावडर वापरणाऱ्या घरांनी तेव्हा पहिल्यांदा दुसरं काहीतरी वापरून बघितलं आणि काही बिघडलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ब्रँड बदलता येतो हे कळलेला माणूस दुकान बदलायलाही मग फार कचरत नाही.

आता लोकलचं बघा. मुंबईचा नोकरदार रोजच्या खरेदीला म्हणून वेगळा कधी निघायचाच नाही, येता-येता करायचा. दादरला उतरला की पुलाखाली भाजी, करी रोडला उतरला की कोपऱ्यावर ब्रेड-अंडी, पुढं तुमच्याकडं पावशेर साखर, घरी पोचेपर्यंत पिशवी भरलेली. ही लोकल 22 मार्चच्या रात्री थांबली, 15 जूनला सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी, ऑक्टोबरात बायकांना ठरावीक वेळेत सोडलं, 1 फेब्रुवारी 2021 पासून सगळ्यांना पण गर्दीच्या वेळा सोडून, एप्रिलमध्ये परत बंद, आणि मग 15 ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांना. म्हणजे जवळपास सतरा महिने ती येता-येताची खरेदी एकतर बंद नाहीतर अर्धीमुर्धी, आणि त्यानंतरही कित्येक जण आठवड्यातनं दोन-तीन दिवसच ऑफिसला जायला लागले. खरेदी स्टेशनच्या वाटेवरून उठून घराच्या दारात आली ती अशी. माझं तर म्हणणं आहे की मुंबईतल्या धंद्यात कोरोनानं केलेला सगळ्यात मोठा बदल हाच, बाकीचे बरेचसे याच्याच मागून आले.

अजून एक गोष्ट आहे जी दुकानदार लोक बोलत नाहीत, ती म्हणजे उधारी. एप्रिल 2020 मध्ये देशभरात यूपीआयचे महिन्याचे व्यवहार 100 कोटींच्या जरासे खाली होते, मार्च 2021 ला 270 कोटींच्या वर गेले. नोटेला हात लावायची भीती होतीच, त्यात पोरांनी आईवडिलांना ॲप टाकून दिलं. तुम्हीही क्यूआर कोड लावला असणार, पैसे थेट खात्यात, सुट्ट्याची भानगड नाही, वही लिहायची कटकट नाही. चांगलंच झालं ते, पण वहीबरोबर गिऱ्हाईक बांधून ठेवणारी दोरीही गेली ना. ज्याचं खातं तुमच्याकडं होतं तो पगार झाला की तुमच्या दुकानात येणारच होता, पैसे चुकते करायचा आणि पुढची यादी देऊनच जायचा. आता प्रत्येक वेळचा हिशेब तिथल्या तिथं मिटतो आणि उद्या कुणाकडनं घ्यायचं ते तो उद्या ठरवतो.

एवढी जमीन तयार झाल्यावर दहा मिनिटवाले आले, म्हणजे दहा मिनिटांत सामान घरपोच म्हणणारे ॲपवाले. झेप्टो 2021 मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झालं, त्याच वर्षी डिसेंबरात ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं. हे लोक डार्क स्टोअर चालवतात, म्हणजे आतल्या गल्लीत एखादा मोठा गाळा, बाहेर बोर्ड-बिर्ड काही नाही, गिऱ्हाईक आत येत नाही, नुसते रॅक आणि पिशव्या भरणारी पोरं. पाटी नको, मोक्याची जागा नको, त्यामुळं रस्त्यावरच्या दुकानापेक्षा भाडं कमी बसतं. आणि त्यांनी तुमची नेमकी कुठली विक्री उचलली ते बघा, महिन्याची यादी नाही, विसरलेली वस्तू. कोथिंबीर राहिली, दही संपलं, पाहुणे आलेत फरसाण नाही. याच कामासाठी माणूस दिवसातनं दोनदा तुमच्याकडं यायचा आणि येताना अजून दोन वस्तू घेऊन जायचा.

तर काका, दहा मिनिटांच्या शर्यतीत तुम्ही उतरू नका, त्या खेळाला गुंतवणूकदारांचा पैसा लागतो, तुमचा गल्ला त्यात पुरणार नाही. महिन्याची यादी मात्र हातची सोडू नका. जुनी पन्नास-साठ घरं निवडा, महिनाअखेरीला स्वतः फोन करा, मागच्या महिन्याची यादी वाचून दाखवा, हेच देऊ का यातलं काही कमी-जास्त करू असं विचारा. भरवशाच्या घरांना उधारी परत चालू करा, वाटल्यास पंधरा दिवसांची, मोबाईलवर नोंद ठेवा. भाजणीचं सामान, उपासाचं सामान, गणपतीत लागणारा गूळ-खोबरं हे सुट्टं, निवडलेलं आणि नको असेल ते परत घेणारं दुकान म्हणून तुमचं नाव राहू द्या. आणि एक कागदाचं काम, जुलै 2021 पासून किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करता येते, ती केली नसेल तर करून घ्या. ती नोंदणी आणि क्यूआरचं दोन वर्षांचं स्टेटमेंट हातात असलं की दुकानाची उलाढाल दाखवायला पुरावा होतो, बँकेत कर्ज मागताना नुसतं तोंडी सांगावं लागत नाही.

प्रश्न : आमची आई अजूनही सगळं डबल आणते. तूरडाळ दहा किलो, साबणाचे मोठे पॅक, सॅनिटायझर तर कपाटभर पडलंय. पार्ल्यात वन बीएचके आहे आमचा, ठेवायचं कुठं? तिला कसं समजावू?

जपून समजाव रे बाबा. मार्च 2020 मध्ये सॅनिटायझरचे भाव इतके भडकले होते की सरकारला 200 मिलीच्या बाटलीला 100 रुपये अशी कमाल किंमत ठरवून द्यावी लागली, मास्कचीही तीच गत. त्यानंतर वर्षभरानं, एप्रिल 2021 मध्ये, किराणा दुकानं सकाळी 7 ते 11 एवढीच उघडी. ज्या बाईनं त्या चार तासांत धावपळ करून घर चालवलं तिला आता एक किलोच आण म्हणणं सोपं नाही. तेव्हा देशभर सगळ्यांनीच भरून ठेवलं, त्या महिन्यांत पार्ले-जी विक्रमी खपलं ते काही उगाच नाही, स्वस्त, टिकाऊ आणि गावी निघालेल्याच्या पिशवीत टाकता येण्यासारखं दुसरं होतं काय.

पण हिशेबाची बाजू तिला नक्की दाखव. मोठा पॅक दर वेळी स्वस्त पडतोच असं नाही, पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलीमागे किंमत छापलेली असते ती दोन पॅकची शेजारी धरून बघा. आणि मुंबईच्या पावसाळ्यात दहा किलो डाळ म्हणजे किड्यांना आमंत्रण, हे तर तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. सॅनिटायझर आधी तारीख बघून वापर आणि गॅसपासून लांब ठेव, त्यात अल्कोहोल असतं.

प्रश्न : 2020 च्या जूनमध्ये बोरिवलीत घरून पोळीभाजीचे डबे सुरू केले, नवऱ्याचा पगार अर्धा झाला होता. पहिल्या वर्षी एवढ्या ऑर्डर होत्या की हाताला उसंत नव्हती. आता निम्म्याही नाहीत. बंद करून नोकरी बघू का?

ताई, बंद करायच्या आधी एक बघा, तेव्हा तुमचं गिऱ्हाईक कोण होतं. सोसायट्यांनी स्वयंपाकाच्या बायकांना आत यायला बंदी केली होती, हॉटेलात बसून खायला 5 ऑक्टोबर 2020 पर्यंत परवानगी नव्हती आणि नंतरही निम्म्या क्षमतेनं, घरातली चारही माणसं दिवसभर घरात आणि एकटी बाई ऑफिसचा कॉल कानाला लावून पोळ्या लाटतेय. ती मागणी त्या दिवसांची होती. बायका कामावर परत आल्या, हॉटेलं उघडली, ती ओसरणारच होती, तुमच्या हाताची चव गेली असं काही समजू नका.

डबेवाल्यांचं बघा ना, 1890 पासून चाललेलं काम, लोकल आणि ऑफिसं बंद झाल्यावर ठप्प झालं, कित्येक जण गावी शेतीवर गेले आणि सगळे काही परत आले नाहीत, कारण रोजचा डबा नेणारा माणूसच रोज ऑफिसला जाईनासा झाला. तुम्हालाही त्याच माणसाचं वेळापत्रक बघून चालावं लागेल. महिन्याचा डबा नको असेल त्याला आठवड्याचे तीन दिवस द्या. संध्याकाळी सात ते नऊ नुसत्या पोळ्या द्या, भाजी लोक घरी करतात, पोळ्यांचा कंटाळा असतो. आणि एकटे राहणारे म्हातारे लोक, ज्यांची पोरं पुण्याला नाहीतर परदेशात आहेत, त्यांना कमी तिखट, मऊ, वेळेवर येणारं जेवण हवं असतं आणि ते कुठल्या मोठ्या ॲपवर धड मिळत नाही. हे गिऱ्हाईक टिकतं, पैसेही वेळेवर देतं.

दुसरं म्हणजे भाव. मला दाट शंका आहे तुम्ही अजून 2020 च्याच भावात किंवा रुपया-दोन रुपये वाढवून पोळी विकताय. मधल्या काळात तेल वाढलं, गॅस वाढला, कणीक वाढली. एक आठवडा सगळं लिहून काढा आणि त्यात स्वतःच्या तासांचे पैसे धरा, घरगुती धंद्यातल्या बायका ते शून्य धरतात आणि मग महिनाअखेर हातात काही उरत नाही म्हणून धंद्याला दोष देतात. तासाचे धरून जर उरत नसेल तर खुशाल नोकरी बघा, त्यात कमीपणा काही नाही. चालू ठेवणार असाल तर फूड सेफ्टीचं बेसिक रजिस्ट्रेशन करून घ्या, घरगुती डब्यालाही ते लागतं.

प्रश्न : दादरला साड्यांचं दुकान. लग्नं परत धुमधडाक्यात व्हायला लागली, हॉल मिळत नाहीत म्हणतात, मग आमचा सीझन अजून पहिल्यासारखा का नाही?

कारण नवरीचा शालू परत आला, मानपानाच्या साड्या तेवढ्या आल्या नाहीत. पूर्वी एका लग्नाची गाडी भरून खरेदी व्हायची, नवरीच्या पाच आणि आत्या, मावशी, काकू, विहीणबाईंच्या मैत्रिणी अशा धरून चाळीस. 2020 मध्ये लग्नाला 50 माणसं, एप्रिल 2021 मध्ये तर 25 माणसं आणि दोन तासांत उरका असा आदेश होता. पंचवीस माणसांत कुठली विहीणबाईची मैत्रीण! देणं-घेणं नसलं तरी लग्न लागतं हे दोन्ही घरांनी बघितलं, आणि खरं सांगायचं तर बायकांनाही ती सहाशे रुपयांची, कधीच न नेसायची साडी नकोच होती, फक्त बंद करायची कुणी हा प्रश्न होता. तो पैसा आता फोटोवाल्याकडं, मेकअपवालीकडं आणि जेवणाच्या ताटाकडं गेलाय.

म्हणून गठ्ठ्यानं घेतलेल्या आहेराच्या साड्यांत पैसा अडकवू नका. कमी साड्या, पण नेसल्या जातील अशा, आणि ब्लाउज शिवून, फॉल-पिको करून तारखेला हातात. लांबच्या गिऱ्हाईकाला व्हिडिओ कॉलवर दाखवायची सवय लॉकडाऊनमध्ये लागली होती ती सोडू नका, कल्याण-विरारवरून दोन साड्यांसाठी दादरला यायचा कंटाळा लोकांना आता जास्त येतो.

प्रश्न : जानेवारी 2020 ला 30 लाखांचं होम लोन घेतलं, 20 वर्षं, साडेआठ टक्के, फ्लोटिंग म्हणजे वर-खाली होणारा दर. कोरोनात सहा महिने हप्ते भरले नाहीत, सवलत होती म्हणून. आता मुदत बरीच वाढलेली दिसतेय. बँकेनं फसवलं का? (कांदिवली)

फसवलं नाही, पण नीट समजावूनही सांगितलं नसणार. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते मे आणि मग ऑगस्ट 2020 पर्यंत हप्ता पुढं ढकलायला परवानगी दिली, व्याज माफ केलं नव्हतं. तुमचा हप्ता साधारण 26,000, सुरुवातीच्या काळात त्यातले 21,000 च्या वर नुसतं व्याज. सहा महिन्यांचं हे व्याज, सव्वा लाखाच्या वर, मुद्दलात जाऊन बसलं. हप्ता तोच ठेवला आणि दर तोच धरला तर 240 हप्त्यांचे जवळपास 270 होतात, म्हणजे सहा चुकवले आणि तीस वाढले. दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला सरकारनं नंतर जी सूट दिली ती व्याजावरच्या व्याजाची, तुमच्या केसमध्ये ती दोन-सव्वादोन हजारांच्या आसपास.

त्यात दुसरी भर म्हणजे रेपो दर, रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, मे 2020 मध्ये 4 टक्क्यांवर आला होता तो मे 2022 पासून चढत फेब्रुवारी 2023 ला साडेसहा झाला. दर वाढला की बँका बहुतेक वेळा हप्त्याला हात न लावता मुदत लांबवतात. स्टेटमेंट काढून उरलेले हप्ते बघा, बँकेला हप्ता थोडा वाढवून मुदत कमी करा असं लेखी द्या आणि बोनस मिळाला की थेट मुद्दलात भरा, फ्लोटिंग होम लोनला त्यासाठी दंड लागत नाही.